वांद्र्यात पाहुण्यांना खाऊ घालायचे तर कुठे न्यावे?

साष्टीकर

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून माझे मामा, मामी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी दोन मुले गुरुवारी सकाळी येणार असून रविवारी रात्रीच्या गाडीने परत जाणार आहेत. मामांना पोटभर मासे खायचे आहेत, मामी पूर्ण शाकाहारी आहेत, आणि मुलांनी मोबाइलवर पाहून वांद्र्यातल्या तेवीस कॅफेंची यादी आधीच करून ठेवली आहे. "तू तिथलाच, तुला सगळे ठाऊक असणार," असे मामा म्हणाले आणि मी भिडेखातर होकार देऊन बसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आले की पंचवीस वर्षे चॅपल रोडच्या मागच्या गल्लीत राहूनही मी बाहेर जेवायला जातो ते बहुतेक वेळा दादरला, नाहीतर पार्ल्याला.

मुलांच्या यादीतली निम्मी नावे मी ऐकलेलीच नाहीत. आमच्या भागात दुकानावरची पाटी कधी बदलेल याचा नेम नसतो, आणि जिथे मी शाळेच्या वह्या घेत असे तिथे आज कॉफीचे तीन प्रकार मिळतात. कॅफे वाईट असतात असे मला म्हणायचे नाही, पण तिथे जे ताटलीत येते ते पुण्यातही येते आणि बंगळुरातही येते. नागपूरहून एवढा प्रवास करून आलेल्या माणसाने वांद्र्याचेच म्हणावे असे काय खावे, हा माझा प्रश्न आहे. मामांच्या गुडघ्यांमुळे फार चालणे होणार नाही, तेव्हा रिक्षाने पोहोचता येईल अशीच ठिकाणे सुचवावीत. पंचतारांकित हॉटेले कृपया नकोत.

घाटावरचा

रिक्षाने म्हणजे माहीमच्या खाडीअलीकडचे, कारण पलीकडे रिक्षाला परवानगीच नाही. तुमच्या अटीने दादर आपोआप बाद झाले आणि वांद्रेकरांची सर्वांत आवडती खानावळ यादीतून गेली. तुमच्या मामांसाठी मला मनापासून वाईट वाटते.

पूर्वेकडची

वांद्रे म्हटले की सगळ्यांचे तोंड पश्चिमेकडे वळते, जणू रुळांच्या या बाजूला आम्ही नुसत्या सरकारी कचेऱ्यांतल्या फायली खातो. गांधीनगरला द्रुतगती महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत 'हायवे गोमांतक' आहे. जागा साधी, टेबले जवळजवळ, आणि दुपारी रांग ठरलेली. पण माशाची थाळी, तळलेले बोंबील, तिसऱ्या (शिंपल्या) आणि शेवटी सोलकढी या क्रमाने जेवलात तर मामांची तक्रार राहणार नाही. शनिवारी-रविवारी साडेबाराच्या आत पोहोचा. त्यानंतर गेलात तर गुडघेदुखी असलेल्या माणसाला फुटपाथवर उभे राहावे लागेल.

मामींना तिथे काय चालेल ते आधी फोन करून विचारलेले बरे. माशांच्या खानावळीत शाकाहारी माणसाला बसवून "तुला डाळभात मागवतो" म्हणणे हा पाहुणचार नव्हे. माझ्या आईने हे चाळीस वर्षे सोसले आहे.

बिर्याणीभक्त

लकी. एस. व्ही. रोड आणि हिल रोडचा कोपरा. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, कारण त्या चौकालाच लोक लकी म्हणतात. इथे चर्चा करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

साष्टीकर

पूर्वेकडची, फायलींचा टोला मान्य आहे. हायवे गोमांतक नोंदवून घेतले. पण ते जेवण गोव्याचे, आणि लकीची बिर्याणी इराण्याच्या हॉटेलाची. दोन्ही वांद्र्यात रुजली हे खरे, मात्र मूळ वांद्र्याचे असे काही उरले आहे की नाही, ही माझी अडचण तशीच आहे.

बाटलीमसाला

उरले आहे, फक्त ते पाटी लावून विकले जात नाही.

आमचे घराणे वांद्र्यातल्याच रणवार गावठाणातले, म्हणजे मी ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात त्यांच्यापैकी. इथल्या बहुतेक वाचकांना हे नाव ऐकून आम्ही बंगालकडचे वाटतो, म्हणून थोडे सांगतो. आम्ही मूळचे याच साष्टी-वसईच्या पट्ट्यातले शेतकरी, कोळी आणि कारागीर आहोत. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, पुढे पूर्वज ख्रिस्ती झाले. आमच्या वांद्र्यातले सेंट अँड्र्यूजचे चर्च १५७५ चे आहे. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला कळावे म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, आमच्या आजे-पणज्यांनी हे नाव घेतले. घरात आमची आजी जी भाषा बोलत असे ती मराठीचीच बोली होती. "जेवलंस का" हे आम्हालाही इंग्रजीत विचारत नसत.

आता खाण्याचे. आमच्या स्वयंपाकाचा कणा म्हणजे बाटली मसाला. मे महिन्याच्या उन्हात मिरच्या, धणे, तीळ, खसखस, मोहरी, हळकुंडे, दालचिनी, नागकेशर, दगडफूल, शिवाय गहू आणि हरभऱ्याची डाळ, असे वीसहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून कुटले जातात आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरले जातात. उजेड आणि दमट हवा लागू नये म्हणून गडद बाटली, आणि नावही त्यावरूनच पडले. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते आणि ते सुनेला सांगायचे की लेकीला, यावरून आमच्याकडे अबोले झालेले आहेत. या मसाल्यातले कोंबडीची खुड्डी आणि मोयली हे रस्से, सणाला होणारा मांसाचा इंदियाल आणि त्याबरोबर फुग्या, हे वांद्र्याचे जेवण होय. फुग्या म्हणजे मैदा, अंडे आणि नारळाचे दूध आंबवून, ते पीठ मुठीतून पिळत गरम तेलात सोडलेले गोळे. ते तेलात पडले की आपणहून उलटतात आणि बाहेरून लालसर, आतून पोकळ होतात.

हे तुम्हाला कोणत्याही मोठ्या रस्त्यावर मिळणार नाही. इथल्या जुन्या गावठाणांत काही बायका घरून मागणीप्रमाणे रांधून देतात. दोन दिवस आधी सांगावे लागते आणि भांडे आपले न्यावे लागते. डिसेंबर असल्यामुळे तर लवकरच सांगा, कारण नाताळच्या मागण्या एव्हापासूनच सुरू होतात.

चकली

बाटलीमसाला, तुमचा प्रतिसाद वाचून आधी भूक लागली आणि मग लाज वाटली. मी दहा वर्षे रणवारमधून चालत ऑफिसला गेले, तिथल्या लाकडी सज्ज्यांचे फोटो काढले आणि आत काय शिजते ते एकदाही विचारले नाही.

निव्वळ शाकाहारी

मामींकडे कोणी लक्ष देत नाही असे दिसते. शिवाय साष्टीकर, तुम्ही म्हणता त्या आठवड्यातला गुरुवार मार्गशीर्षातला आहे. मामी महालक्ष्मीचे गुरुवार करत असतील तर पहिल्या दिवशी घरात मासळी आणायचा विषयसुद्धा काढू नका.

त्यांच्यासाठी दोन जागा सांगते. हिल रोडला एल्को बाजाराजवळची पाणीपुरी ही आता संस्थाच झाली आहे. गरम रगडा, कडक पुरी, आणि स्वच्छतेची धास्ती असणाऱ्यांनाही तिथे धीर येतो. दुसरी जागा पाली नाक्याजवळचे 'पंजाब स्वीट हाउस'. तिथले छोले-भटुरे आणि जिलबी मला आवडतात. पंजाबी खाणे वांद्र्याचे कसे, असा प्रश्न साष्टीकर विचारतीलच. फाळणीनंतर इथे किती सिंधी आणि पंजाबी कुटुंबे येऊन वसली ते पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. चारशे वर्षांपूर्वी आलेला पाव जर इथला, तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी आलेला भटुरा परका कसा?

आणि रस्त्यावरचे सँडविच विसरू नका. बटाटा, बीट, काकडी, हिरवी चटणी, वरून मसाला. लिंकिंग रोडला खरेदी करताना मामी तेच मागतील.

साष्टीकर

भटुऱ्याबाबत माघार घेतो. गुरुवारची आठवण करून दिलीत त्याबद्दल तुमचे विशेष आभार; माझ्या हातून मोठा प्रमाद घडला असता.

टोरांटोहून

मी वांद्रे सोडून एकोणीस वर्षे झाली, तेव्हा माझी माहिती शिळी असू शकेल. पण वांद्र्याची सकाळ बेकरीत सुरू होते, हे तरी बदलले नसावे. हिल रोडवर दुकान असलेल्या अमेरिकन एक्सप्रेस बेकरीचा धंदा १९०८ पासूनचा. तिच्या नावाचा बँकेच्या कार्डाशी संबंध आहे असे मला लहानपणी वाटे. वडिलांनी सांगितले की बंदरात येणाऱ्या अमेरिकन एक्सप्रेसच्या जहाजांना हे लोक पाव पुरवीत, म्हणून ते नाव. पुढे होली फॅमिली रुग्णालयाजवळ हर्श (Hearsch) बेकरी आहे, मराठीत नाव कसेही लिहा. तिथले चिकन पफ आणि रोल घेऊन आम्ही बॅंडस्टँडला जाऊन खात असू. रुग्णालयात कोणी आजारी असले की भेटायला येणारे आधी तिथे थांबत. आमच्या आजोबांच्या खोलीत औषधांपेक्षा पफचा वास अधिक येई.

मुलांना कॅफेऐवजी एकदा सकाळी सातला बेकरीत न्या. गरम पाव वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणून, लोणी लावून चहात बुडवून खाऊ द्या. इथे मला उत्तमोत्तम पाव मिळतात, पण ते चहात टिकत नाहीत.

भट्टीजवळचा

टोरांटोहून, ती सकाळ बदलण्याच्या बेतात आहे. मुंबईतल्या लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्याव्यात, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. हवा खराब आहे हे कोणी नाकारत नाही. आमच्या भट्टीत मात्र जुन्या इमारती पाडल्यावर निघणारे लाकूड जळत असे, ते स्वस्त पडे, आणि पावाचा दर त्यावर उभा होता. गॅस किंवा विजेची भट्टी बसवायचा खर्च लहान बेकरीला सोसणे अवघड आहे, आणि जागेला भाव आलेला असताना मालकाच्या मनात भलते विचार येणे सोपे आहे.

चवीत फरक पडतो का, असे विचारणारे पुष्कळ असतात. लादी पावात फारसा पडत नाही, कडक पावात पडतो. विटांच्या भट्टीची ऊब सगळीकडून सारखी आणि कोरडी लागते, त्यामुळे कवच नीट धरते. ज्यांना ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, खायचा आहे त्यांनी फार वाट पाहू नये.

दांड्याची

मी खारदांड्याची कोळीण. इतका वेळ वाचत होते. मासे कुठल्या हॉटेलात खावेत याची चर्चा झाली, पण मासे येतात कुठून हे कोणी लिहिले नाही. चिंबईचा किनारा साष्टीकरांच्या घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि दांडा रिक्षाच्या अंतरावर.

मामा तुमच्या घरी उतरणार आहेत, घरात चूल आहे, मग हॉटेल कशासाठी? शनिवारी सकाळी बाजारात जा. पापलेट घेताना कल्ल्यापाशी दाबून पाहा. पांढरे पाणी आले तर ताजे, लालसर आले तर पुढे चला. हाताच्या पंजाहून लहान पापलेट घेऊ नका. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केले, पण पिल्लेच धरली आणि खाल्ली तर तो मासा उरणार कसा? बोंबील घेताना तो गुलाबी आणि ताठ असावा, पिवळा पडलेला नको. पाऊस संपल्यापासून थंडीपर्यंत बोंबील चांगला मिळतो, तेव्हा तुमचे पाहुणे योग्य वेळी येत आहेत. जून-जुलैत आले असते तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात आणि हॉटेलात बर्फातले खावे लागले असते, हे हॉटेलवाला सांगत नाही.

बोंबील साफ करून पाट्याखाली किंवा दोन ताटांमध्ये वजन ठेवून पाणी काढा. मग हळद, मीठ, मसाला, तांदळाचे पीठ. रवा आम्ही लावत नाही, तो हॉटेलवाल्यांनी आणला. उरलेल्यांचे चिंचेचे आंबट करा आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढा. मुलांना दुपारनंतर दांड्याला आणा, वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, सुकत घातलेले बोंबील पाहू द्या. पण एक विनंती आहे. बायका मासळी निवडत असतात तेव्हा न विचारता त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. तो आमचा कामाचा ओटा आहे.

घाटावरचा

वलांडीजवळचा वास नागपूरकरांना झेपेल का, हे आधी तपासून घ्यावे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहून रिक्षा थोडी पुढे नेऊन उभी केली होती.

दांड्याची

झणझणीत सावजी जेवणाऱ्यांना बोंबलाचा वास झेपणार नाही, हे मला पटत नाही. घाटावरच्यांनी स्वतःपुरते बोलावे.

पूर्वेकडची

रव्याबाबत माझा मतभेद नोंदवते. आमच्या मालवणी घरात बोंबील रव्यातच तळतात आणि त्यात हॉटेलवाल्यांचा काही हात नाही. बाकी प्रतिसाद शब्दशः मान्य.

खाजेवाला

मालवणीचा विषय निघालाच आहे तर आमचीही एक नोंद. माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरच्या सणानंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. तिथे मेणबत्त्यांच्या ओळीला लागून मिठाईची दुकाने असतात आणि 'कडियो-बोडियो' नावाचा पदार्थ ढिगाने विकला जातो. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुकानदाराला म्हटले, "अहो, हे तर आमच्या जत्रेतले खाजे." बेसनाची तळलेली कांडी, वरून आले घातलेल्या गुळाचे कवच. मालवणात, गोव्यात आणि वांद्र्यातही जत्रेहून घरी जाताना पिशवीत तोच खाऊ असतो, मग देव कोणताही असो.

डिसेंबरात जत्रा नसते हे मला माहीत आहे. पण हा धागा नंतरही कोणी वाचेल, त्यांनी पाहुण्यांना सप्टेंबरात बोलवावे. डिसेंबरची भरपाई म्हणून बेकऱ्यांच्या काउंटरवर कलकल, नेवऱ्या, दोदोल, मार्झिपान आणि पेरूचे चीज असा नाताळचा गोड फराळ येऊ लागतो. मामी अंडे खात नसतील तर प्रत्येक पदार्थ विचारून घ्या. दोदोल तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाच्या दुधाचे असते, ते बहुधा चालेल.

चकली

मुलांच्या बाजूने बोलणारे कोणी नाही म्हणून मी बोलते. वीस वर्षांच्या मुलांना चार दिवस फक्त वारसा खाऊ घातला तर ती पुढच्या वेळी येणार नाहीत. आमच्या पिढीचेही असेच होते. १९९६ मध्ये लिंकिंग रोडला मुंबईतले पहिले मॅकडोनाल्ड उघडले तेव्हा आम्ही घरी पोहे सोडून रांगेत उभे राहिलो, आणि त्याची आठवण आता आम्ही वांद्र्याची आठवण म्हणूनच सांगतो.

त्यांना 'कँडीज'ला जाऊ द्या. वरखाली मजले, फरशीच्या तुकड्यांची नक्षी, आपले ताट आपण घ्यायचे, आणि बाजूच्या टेबलावर बसलेल्या आजी तिथे वर्षानुवर्षे येत असतात. कॅफे असूनही ते वांद्र्याचे आहे. यादीतली उरलेली बावीस ठिकाणे मात्र भीत भीत निवडा. अशाच एका नव्या ठिकाणी मी पाणी मागितले तर न विचारता बाटलीबंद पाणी उघडून दिले आणि बिलात ते कॉफीच्या निम्म्या किमतीला लावले. साधे पाणी मिळते का, हा प्रश्न बसण्यापूर्वीच विचारायला मुलांना शिकवा.

बिर्याणीभक्त

एवढे सगळे वाचल्यावरही माझे उत्तर बदललेले नाही.

साष्टीकर

सर्वांचे मनापासून आभार. मामांशी आज पुन्हा बोललो. मामी मार्गशीर्षातले गुरुवार करतात, हे खरे निघाले. त्यामुळे आता असे ठरवले आहे: गुरुवारी घरचे शाकाहारी जेवण आणि मामींचा उपास सुटल्यावर रात्री पंजाब स्वीट हाउसची जिलबी. शुक्रवारी सकाळी मुलांना घेऊन बेकरी, संध्याकाळी त्यांना कँडीजला सोडून आम्ही मोठी माणसे एल्कोला. शनिवारी पहाटे मी आणि मामा बाजारात. दुपारी बोंबील, निम्मे पिठात आणि निम्मे रव्यात, म्हणजे दांड्याची आणि पूर्वेकडची या दोघींचाही मान राहील. मामींसाठी त्या दिवशी वेगळ्या तव्यावर वांग्याचे काप. रविवारी दुपारी फुग्या आणि खुड्डी, मामींना फुग्यांतले अंडे चालणार नसल्याने त्यांच्यासाठी आप्पे. लकीची बिर्याणी रात्री गाडीत खायला बांधून नेतील, म्हणजे बिर्याणीभक्तही समाधानी होतील. हायवे गोमांतक यात बसले नाही, याबद्दल पूर्वेकडची यांची क्षमा मागतो.

एकच शंका आहे. नागपूरला परत नेण्यासारखे काय द्यावे? तिकडून दर वेळी संत्रा बर्फी येते आणि मी दर वेळी रिकामा डबा परत करतो.

घाटावरचा

माहीमचा हलवा. जोशी बुढाकाकांचे दुकान खाडीपलीकडे आहे, तेव्हा रिक्षाची अट मोडून एक स्थानक लोकलने जा. पातळ चौकोनी वड्या, मध्ये बटर पेपर. प्रवासात टिकतो आणि मामींनाही चालतो. शेवटी खाडी ओलांडायला लावलीच, याचे मला समाधान आहे.

पूर्वेकडची

क्षमा करते, पण पुढच्या वेळी पाहुण्यांना कुर्ला टर्मिनसला उतरवा, म्हणजे घरी जाताना आमची बाजू आपसूक लागेल.

बाटलीमसाला

साष्टीकर, रविवारचे आमच्या शेजारच्या मावशींना आजच सांगून ठेवले आहे. त्यांचा पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवतो. फुग्या माणशी पाच धरतात, पण दोन मुले कॉलेजातली असल्याने मी त्यांच्यासाठी आठ-आठ सांगितल्या आहेत. न्यायला साडेबाराला या आणि डब्याचे झाकण घट्ट लावू नका. वाफ कोंडली की फुग्या चिवट होतात आणि मग दोष मावशींना लागतो.